डीएनए बारकोड : सागरी प्राणिप्लवकांची ओळख

प्राण्याच्या डीएनएमधील (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लातील) एका ठराविक लहान तुकड्याची रचना वाचून तो प्राणी कोणत्या जातीचा आहे हे ठरविण्याच्या पद्धतीला डीएनए बारकोड पद्धती म्हणतात. दुकानातील वस्तूच्या वेष्टनावर छापलेल्या काळ्या रेघांच्या पट्टीवरून ती वस्तू कोणती हे यंत्राला कळते, त्यावरून हे नाव पडले आहे. समुद्रातील प्राणिप्लवकांच्या बाबतीत ही पद्धती विशेष उपयोगी ठरली आहे. कारण हे प्राणी आकारमानाने लहान, नाजूक व दिसण्यात परस्परांसारखे असतात आणि त्यांपैकी पुष्कळांच्या डिंभावस्था (अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या, प्रौढाशी साम्य नसलेल्या अवस्था) कोणत्या जातीच्या आहेत हे नुसत्या निरीक्षणाने सांगता येत नाही.

प्राणिप्लवक : पाण्यात तरंगणाऱ्या व प्रवाहाविरुद्ध जाण्याचे सामर्थ्य नसलेल्या जीवांना प्लवक म्हणतात. ‘प्लँक्टन’ ही मूळ संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केली [→ प्लवक]. प्लवकांतील प्राण्यांचे दोन प्रकार करतात. काही प्राणी जन्मभर प्लवकच राहतात, उदा., अरित्रपाद (वल्ह्यासारखे पाय असलेले सूक्ष्म कवचधर), बाणकृमी, सॅल्प, कंकतधारी इत्यादी. खेकडे, शिंपले, तारामीन व पुष्कळसे मासे यांची अंडी किंवा डिंभ मात्र काही दिवस वा आठवडेच प्लवकांत असतात व नंतर तळाशी किंवा खुल्या पाण्यात निराळे जीवन सुरू करतात. पहिल्या प्रकारातील प्राण्यांच्या सु. ७,००० जातींचे वर्णन झाले असून त्या १५ संघांत विभागलेल्या आहेत. त्यांत अरित्रपादांचा वाटा सर्वांत मोठा आहे. बहुतेक समुद्रांत जाळ्यात सापडणाऱ्या प्राणिप्लवकांपैकी निम्म्याहून अधिक प्राणी अरित्रपादच असतात.

सूक्ष्म वनस्पतिप्लवकांनी सूर्यप्रकाशापासून तयार केलेले अन्न प्राणिप्लवकांमार्फत माशांपर्यंत, पक्ष्यांपर्यंत व देवमाशांपर्यंत पोहोचते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात सापडणारा व वाळवून खाल्ला जाणारा जवळा (ॲसेटीस इंडिकस) हा प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या लहान कोळंबीचाच प्रकार असून तो बोंबील माशाचे महत्त्वाचे भक्ष्य आहे. यावरून प्लवकांचा मासेमारीशी असणारा निकटचा संबंध लक्षात येईल.

ओळखीतील अडचणी : प्लवकांची ओळख परंपरेने सूक्ष्मदर्शकाखाली पटविली जाते. अरित्रपादांच्या बाबतीत पायांवरील कंटकांची संख्या, पाचव्या पायाचा आकार, शेवटच्या खंडांची ठेवण यांसारखी लक्षणे पाहावी लागतात. त्यासाठी सुईच्या टोकाने एक-दोन मिमी. लांबीच्या प्राण्याचे अवयव सुटे करावे लागतात व त्या गटाचा अनेक वर्षांचा अभ्यास असावा लागतो. शिवाय ही लक्षणे बहुधा प्रौढ प्राण्यांतच पूर्णपणे व्यक्त होतात. अरित्रपाद अंड्यातून निघाल्यावर प्रथम सहा नॉप्लियस अवस्थांतून व नंतर सहा कोपेपोडाइट अवस्थांतून जातो. शेवटची कोपेपोडाइट अवस्था म्हणजेच प्रौढ. जाळ्यात येणाऱ्या प्राण्यांत अपक्व अवस्थांचे प्रमाण मोठे असते आणि त्यांची ओळख पुष्कळदा वंशापर्यंतच थांबते. जेलीफिश, सॅल्प व कंकतधारी यांसारखे मृदू प्राणी तर जाळ्यातच फाटतात. प्लवकांच्या एखाद्या गटाचे वर्गीकरण जाणणारे तज्ञ सर्व जगात मूठभरच असतात व त्यांची संख्या घटत आहे.

तत्त्व : प्रत्येक प्राण्याच्या कोशिकांत कलकणू नावाची ऊर्जा निर्माण करणारी अंगके असतात व त्यांना स्वतःचा लहानसा डीएनए असतो. एका कोशिकेत कलकणूंच्या डीएनएच्या पुष्कळ प्रती असल्यामुळे अगदी लहान प्राण्यापासूनही तो मिळविता येतो. या डीएनएमध्ये सायटोक्रोम ऑक्सिडेझ या श्वसनातील एंझाइमाच्या पहिल्या उपघटकाचा जीन असतो. त्याच्या सुरुवातीच्या भागातील सु. ६५८ क्षारकांचा तुकडा प्राण्यांसाठी बारकोड म्हणून वापरतात.

हाच तुकडा निवडण्याचे कारण असे : या एंझाइमाचे कार्य जीवनावश्यक असल्याने त्यातील ॲमिनो अम्लांची मांडणी उत्क्रांतीत फारशी बदललेली नाही, पण डीएनएमधील तीन क्षारकांचा गट एका ॲमिनो अम्लाचा निर्देश करतो आणि एकाच ॲमिनो अम्लासाठी बहुधा एकाहून अधिक त्रिके असतात. त्यामुळे त्रिकातील तिसरा क्षारक बदलला, तरी पुष्कळदा प्रथिन तेच राहते. असे निरुपद्रवी बदल पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात आणि एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या दोन जातींत ते निरनिराळे असतात. म्हणजे या जीनचा काही भाग सर्व प्राण्यांत पुरेसा सारखा असल्याने तो पकडता येतो, तर उरलेला भाग पुरेसा वेगळा असल्याने जाती ओळखता येते. प्लवकांतील कवचधरांत एकाच जातीच्या प्राण्यांच्या बारकोडमधील फरक सामान्यतः एक-दोन टक्क्यांपर्यंत असतो, तर एकाच वंशातील दोन जातींमधील फरक बहुधा १० टक्क्यांहून अधिक असतो. या दोहोंमधील मोकळ्या अंतराला ‘बारकोड अंतर’ म्हणतात व ओळखीची विश्वसनीयता त्यावरच अवलंबून असते.

इतिहास : या पद्धतीला लागणारी दोन साधने आधीच उपलब्ध झाली होती. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये डीएनएमधील क्षारकांचा क्रम वाचण्याची सुलभ पद्धती शोधून काढली. डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पॉलिमरेझ शृंखला विक्रिया कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये कल्पिली. अपृष्ठवंशी प्राण्यांच्या बहुतेक संघांत चालतील असे सायटोक्रोम ऑक्सिडेझ जीनचे आरंभक (प्रती काढण्यास सुरुवात करून देणारे डीएनएचे लहान तुकडे) फोल्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. प्लवकांच्या क्षेत्रात ॲन बक्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कलकणूंतील दुसऱ्या एका जीनच्या आधारे कॅलॅनस व मेट्रिडिया या वंशांतील जातींचा अभ्यास केला होता.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सर्व प्राण्यांसाठी एकच तुकडा प्रमाण मानावा अशी सूचना केली व पतंगांसारख्या खवलेपंखी कीटकांच्या निकटच्या २०० जातींवर तिची यशस्वी कसोटी घेतली. सागरी जीवांच्या जागतिक गणनेचा (२०००–१०) एक भाग म्हणून २००४ मध्ये सागरी प्राणिप्लवकांची गणना सुरू झाली. तीत नमुन्यांची बाह्य लक्षणांवरून ओळख व बारकोड वाचन ही दोन्ही कामे शक्य तेथे जहाजावरच शेजारी शेजारी बसून करण्यात आली. वर्गीकरणतज्ञ व रेणवीय जीववैज्ञानिक यांचे हे सहकार्य पुढील कामाला पायाभूत ठरले.

कार्यपद्धती : प्लवक बारीक विणीच्या जाळ्याने गोळा करतात. पूर्वी ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवीत. त्याने प्राण्याचा आकार उत्तम टिकतो. परंतु डीएनए प्रथिनांशी जखडला जातो व तुटतो. म्हणून बारकोडसाठी नमुने सु. ९५ टक्के तीव्रतेच्या एथिल अल्कोहॉलात ठेवतात. प्राण्यांच्या शरीरातील पाण्यामुळे अल्कोहॉल पातळ होते, म्हणून पहिल्या दिवसभरात ते एकदा बदलणे आवश्यक असते.

तज्ञाने ओळखलेल्या प्राण्याचे छायाचित्र घेऊन त्याचा एखादा पाय किंवा शरीराचा लहानसा भाग घेतात. उरलेला प्राणी साक्षी नमुना म्हणून संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे ओळखीबद्दल शंका निर्माण झाल्यास याच नमुन्याकडे परत जाता येते. अगदी लहान प्राण्याचा मात्र पूर्ण देहच वापरावा लागतो व तेव्हा छायाचित्र एवढाच पुरावा उरतो.

ऊतकातून वेगळा केलेला डीएनए सु. ९५° से.पर्यंत तापविल्यास त्याचे दोन धागे सुटे होतात. तापमान उतरवल्यावर आरंभक त्यांना जाऊन चिकटतात आणि ७२° से.च्या सुमारास एंझाइम नवे धागे तयार करते. अशा प्रत्येक आवर्तनात प्रतींची संख्या जवळजवळ दुप्पट होते; ३० आवर्तनांनंतर ती तत्त्वतः १०० कोटींवर जाते. मग क्षारकांचा क्रम यंत्राने वाचतात, त्यापासून होणारी ॲमिनो अम्लांची मालिका सुसंगत आहे की नाही हे तपासतात आणि ग्वेल्फ येथील बारकोड संग्रहात किंवा जीनबँकेत असलेल्या नोंदींशी तो क्रम ताडून पाहतात.

कॅलॅनस वंशातील जाती : या पद्धतीची गरज का भासते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे उत्तर अटलांटिक व आर्क्टिक महासागरांतील कॅलॅनस हे अरित्रपाद होत. कॅलॅनस फिनमार्किकस या जातीचे वर्णन नॉर्वेतील बिशप योहान गुन्नेरुस यांनी १७७० मध्ये केले. सु. तीन मिमी. लांबीचा हा प्राणी शरीरात तेलासारखे मेद साठवितो व त्यावर हेरिंग मासे, कॉड माशांचे डिंभ आणि राइट देवमासे पोसले जातात. दक्षिणेकडील उबदार पाण्यातील कॅ. हेल्गोलँडिकस ही जाती त्याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की, पाचव्या पायाच्या आतील कडेची दंतुरता पाहूनच त्या दोहोंत फरक करतात. उत्तरेकडील आर्क्टिक समुद्रातील कॅ. ग्लेशियालिस ही तिसरी जाती १९५५ मध्येच वेगळी मानली गेली.

हा भेद केवळ नावापुरता नाही. ॲलिस्टर हार्डी यांनी तयार केलेले प्लवक नोंदयंत्र १९३१ पासून व्यापारी जहाजांमागे ओढले जात असून त्याच्या नोंदींवरून उत्तर समुद्रात कॅ. फिनमार्किकस घटत गेल्याचे व त्याची जागा कॅ. हेल्गोलँडिकसने घेतल्याचे दिसून आले. पहिली जाती कॉडच्या डिंभांना अन्नाची गरज असते त्या वसंत ऋतूत विपुल असते. दुसरी मुख्यतः शरद ऋतूत वाढते. यामुळे समुद्र तापत गेल्याचा परिणाम कॉडच्या पैदाशीवर झाला, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले. या दोन जाती एकच समजल्या असत्या, तर एकूण कॅलॅनसांच्या संख्येवरून हा बदल झाकलाच गेला असता.

आर्क्टिक भागात कॅ. फिनमार्किकस व कॅ. ग्लेशियालिस यांची ओळख शरीराच्या पुढील भागाच्या लांबीवरून करण्याची प्रथा होती : लांब तो ग्लेशियालिस व आखूड तो फिनमार्किकस. परंतु डीएनएच्या आधारे तपासणी केल्यावर दोघांच्या लांबीच्या मर्यादा एकमेकींत मिसळत असल्याचे आढळले. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील कित्येक फ्योर्डांत (खाड्यांत) ग्लेशियालिस राहत असून लहान आकारमानामुळे तो फिनमार्किकस म्हणून मोजला जात होता, असे २०१७ मधील संशोधनाने दाखवून दिले. आर्क्टिकमधील लिटल ऑक या पक्ष्याला पिल्ले वाढविण्यासाठी मेदयुक्त ग्लेशियालिसची गरज असते. म्हणून बर्फ वितळत असताना कोणती जाती कोठे आहे याचा हिशेब चुकणे परवडण्यासारखे नाही.

डिंभांची ओळख : प्लवकांतील डिंभांमुळे प्राणिशास्त्रज्ञांची पूर्वीपासून फसगत होत आली आहे. खेकड्याच्या काटेरी डिंभाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘झोइया’ हा स्वतंत्र वंश मानले होते. आयर्लंडमधील कॉर्क येथे जॉन व्हॉन टॉम्सन यांनी तो जिवंत पाळून त्याचे खेकड्यात रूपांतर होते हे सिद्ध केले. मात्र खोल समुद्रातील प्राण्यांचे डिंभ प्रयोगशाळेत वाढविणे जवळजवळ अशक्य असते. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२८ मध्ये सेरॅटॅस्पिस मॉन्स्ट्रोसा या नावाने वर्णन केलेला, जाड कवचाचा व शिंगांसारखे उंचवटे असलेला विचित्र प्राणी मोठ्या माशांच्या पोटात वारंवार सापडे. पण त्याचा प्रौढ कोणालाच ठाऊक नव्हता. मेक्सिकोच्या आखातात पकडलेल्या एका नमुन्याच्या पाच जीनांची तुलना करून २०१२ मध्ये तो खोल समुद्रातील प्लेझिओपिनियस आर्मेटस या कोळंबीचा डिंभ असल्याचे निश्चित झाले. १८४ वर्षांचे कोडे अशा रीतीने सुटले. येथे केवळ प्रमाण बारकोड वापरला नव्हता, तरी डिंभ व प्रौढ यांचा डीएनए एकच असतो हे तत्त्व तेच आहे.

गुप्त जाती : बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या पण जननिक दृष्ट्या अलग असलेल्या जातींना गुप्त जाती म्हणतात. ऑरेलिया ऑरिटा हा चंद्रासारखा दिसणारा जेलीफिश जगभर पसरलेली एकच जाती आहे, असे समजले जात होते; पण २००१ मध्ये डॉसन व जेकब्स यांनी त्यात अनेक जाती असल्याचे दाखविले. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील ॲकार्टिया टोन्सा या अरित्रपादातही एकमेकींपासून बऱ्याच दूर गेलेल्या वंशरेषा आढळल्या आहेत. समुद्राला भिंती नसल्याने प्लवकांच्या जाती थोड्या व सर्वत्र पसरलेल्या असाव्यात, ही जुनी समजूत यामुळे ढासळली आहे.

समूह बारकोड : एकेक प्राणी वेगळा न करता जाळ्यातील सर्व प्लवकांचा डीएनए एकत्र काढून त्यातील लाखो तुकडे एकाच वेळी वाचण्याच्या पद्धतीला समूह बारकोड पद्धती म्हणता येईल. येथे तुकडा बहुधा आखूड घ्यावा लागतो. सायटोक्रोम ऑक्सिडेझ जीनमधील ३१३ क्षारकांचा भाग यासाठी २०१३ पासून पुष्कळ वापरात आहे. इंग्लंडमधील प्लिमथजवळच्या एल-४ या निरीक्षण स्थानकावरील नमुन्यांवर २०१३ मध्ये केलेल्या अशा अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली न ओळखता आलेले डिंभ व परजीवी मोठ्या संख्येने उघडकीस आले. तथापि या पद्धतीने जाती आहे की नाही हे कळते. किती प्राणी आहेत हे नीट कळत नाही. मोठ्या प्राण्याचा डीएनए अधिक असतो व आरंभक सर्व जातींना सारखे चिकटत नाहीत, त्यामुळे वाचलेल्या तुकड्यांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे. खाल्लेल्या भक्ष्याचा डीएनएही त्यात मिसळतो.

मर्यादा : बारकोड स्वतः जातीचे नाव सांगत नाही, ज्ञात जातीच्या नोंदीशी तो जुळला तरच नाव मिळते. प्राणिप्लवकांच्या अनेक जातींचे बारकोड अद्याप नोंदलेले नाहीत. मूळ नमुन्याचीच ओळख चुकली असेल, तर ती चूक संग्रहात शिरून पुढे पसरत जाते. म्हणून साक्षी नमुना व तज्ञाची ओळख यांना पर्याय नाही. कलकणूंचा डीएनए सामान्यतः मातेकडूनच येत असल्याने दोन जातींचा संकर त्यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी कोशिकेच्या केंद्रकातील जीन तपासावे लागतात. कधीकधी कलकणूंतील जीनची निकामी प्रत केंद्रकातील डीएनएमध्ये शिरलेली असते. ती चुकून वाचली गेल्यास नसलेल्या जातीचा भास होतो. कंकतधाऱ्यांत हा जीन इतका बदललेला आहे की, नेहमीचे आरंभक बहुधा निरुपयोगी ठरतात.

भारतीय समुद्र : आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत (१९५९–६५) निरनिराळ्या देशांच्या जहाजांनी एकाच नमुन्याच्या जाळ्याने २०० मी. खोलीपासून पृष्ठभागापर्यंतचे प्राणिप्लवक गोळा केले व त्यांची वर्गवारी कोचीन (कोची) येथील हिंदी महासागर जीवविज्ञान केंद्रात करण्यात आली. गोव्यातील दोना पावल येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) कोची केंद्रात हा वारसा जतन केला आहे. हे नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असल्याने त्यांपासून पूर्ण बारकोड मिळविणे अवघड आहे. उत्तर अटलांटिकमधील नोंदयंत्राच्या फॉर्मॅलिनमधील नमुन्यांतून डीएनएचे लहान तुकडे काढण्यात यश आले आहे, ही गोष्ट आशादायक होय. जवळ्याच्या बाबतीतही ही पद्धती उपयोगी आहे. कारण भारताच्या किनाऱ्यावर ॲसेटीस वंशाच्या अनेक जाती आढळतात व बाजारात येणारा वाळलेला जवळा तुटलेला असल्याने त्यांतील भेद डोळ्यांना दिसत नाही.

महत्त्व : जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्याबरोबर परक्या प्लवकांचा प्रसार होतो. नेमिऑप्सिस लेडी हा अमेरिकी कंकतधारी काळ्या समुद्रात १९८२ मध्ये प्रथम आढळला आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याची बेसुमार वाढ होऊन तेथील अँचोव्ही माशांची मासेमारी कोसळली. मुंबई व विशाखापटनम बंदरांत स्थिरावलेला मायटिलॉप्सिस सॅली हा परका शिंपला डिंभावस्थेत प्लवकच असतो. अशा पाण्यावर नियंत्रण ठेवणारा २००४ चा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २०१७ मध्ये अंमलात आला. परक्या जातीचा डिंभ वेळीच ओळखण्यासाठी डीएनएखेरीज खात्रीचे साधन क्वचितच असते.

सूक्ष्मदर्शक व बारकोड ही परस्परांना पर्यायी साधने नसून पूरक साधने आहेत. आज जतन केलेला साक्षी नमुना, त्याचे अचूक नाव आणि त्याचा बारकोड या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तरच बदलत्या समुद्रातून कोणती जाती नाहीशी झाली आणि कोणती नव्याने आली, हे पुढील पिढीला सांगता येईल.